नव्वदच्या आत

मित्रांनो, थोडा वेळ डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्हाला हात नाहीत, पाय नाहीत आणि बोलताही येत नाही. जगात तुम्हाला एकच काम येते, ते म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे. ज्या घराने मोठ्या विश्वासाने तुम्हाला आणले, त्याच घरातल्या माणसांनी गुपचूप तुमच्याकडून खोटे वदवून घेतले आणि शेवटी तुम्हालाच खोटारडे ठरवून दाराबाहेर ठेवले.

उघडा डोळे. आता तुम्हाला जे वाटले, ते मला गेले कित्येक दिवस वाटते आहे.

मी एक जुना वजनकाटा आहे. जमिनीवर ठेवायचा आणि वर उभे राहायचे, त्या जातीचा. माझी पाठ पांढऱ्या पत्र्याची आहे आणि पाय घसरू नयेत म्हणून तिच्यावर काळे रबर चिकटवलेले आहे. पुढच्या बाजूला काचेखाली एक गोल तबकडी आहे. तिच्यावर शून्यापासून सुरू होऊन गोल फिरत जाणारे आकडे आहेत. एकशेवीस आला की त्याच जागी पुन्हा शून्य. माणूस वर उभा राहिला की पोटातली स्प्रिंग दबते, तबकडी गरकन फिरते आणि काचेवरच्या लाल रेघेखाली त्याचे वजन येऊन थांबते. मला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, कोणाची शिफारसही लागत नाही.

आणखी एक गोष्ट. माझ्या कडेला, खालच्या अंगाला, एका बोटाने फिरवता येईल असे एक छोटे दातेरी चाक आहे. ते लक्षात ठेवा, कारण माझे सगळे दुखणे तिथेच आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका टोकाला पत्रे कापले जात आणि दुसऱ्या टोकाला जाड चष्मा लावलेल्या एक बाई आम्हाला तपासून पेटीत भरत. त्या माझ्या पाठीवर दहा, वीस, पन्नास किलोची पितळी वजने ठेवत आणि नव्याने कामाला लागलेल्या मुलींना समजावत. त्या म्हणत, "वजन नंतर. आधी रिकामी तबकडी बघायची. लाल रेघ शून्यावर नसेल, तर पुढचा प्रत्येक आकडा चुकीचा. स्प्रिंग जुनी होते, थंडीउन्हाने कमीजास्त ताणते, मग शून्य हलतं. ते जागेवर आणायला हे चाक आहे. दुसऱ्या कशालाही नाही."

दुसऱ्या कशालाही नाही. हे शब्द माझ्या पत्र्यात जणू ठोकून बसवले गेले.

पुढची चौदा वर्षे मी एका दवाखान्यात काढली. तिथले कंपाउंडरकाका रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसत, गुडघ्यावर बसून रिकामी तबकडी बघत आणि गरज असेल तर चाक केसभर फिरवून शून्य जागेवर आणत. मगच दवाखान्याचे दार उघडे. माझ्यावर किती पावले पडली, त्याची गणती नाही. थरथरणारी, धावत येणारी, बुटांतली, अनवाणी. एक बेकरीवाले दर महिन्याला येत. ते वजन कमी भरावे म्हणून आधी बूट काढत, मग पट्टा, मग घड्याळ आणि सर्वांत शेवटी चष्मा. चष्मा काढला की त्यांना आकडाच दिसत नसे आणि ते मोठ्या खुशीत खाली उतरत. डॉक्टर हसून म्हणत, "हसा हसा. पण या काट्याने आजवर मला दगा दिलेला नाही."

ते ऐकून माझी स्प्रिंग अभिमानाने ताठ होई. तेव्हा मला ठाऊक नव्हते, की दगा देणे आणि दगा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या वाट्याला दुसरी येणार आहे.

दवाखान्यात आकडे उजळणारा नवा काटा आला आणि माझे काम संपले. शेजारीच चष्म्यांचे दुकान होते. तिथे काचा बसवणाऱ्या एक बाई रोज जातायेता कंपाउंडरकाकांशी दोन शब्द बोलत. त्यांनी मला उचलले, कापडी पिशवीत घातले आणि दोन जिने चढून आपल्या घरी नेले.

"हे बघा, काय आणलंय," दारातूनच त्या म्हणाल्या.

घरात तिघे जण होते. पहिले त्यांचे पती. ते शहराची बस चालवत. उंच, रुंद, मोठ्या आवाजाचे आणि त्याहून मोठ्या पोटाचे. दुसरी त्यांची थोरली बहीण, म्हणजे घरातली आत्या. शाळेत शिपाई म्हणून नोकरी करून ती निवृत्त झाली होती आणि जिभेला धार अजून शाळेतलीच होती. तिसरी त्यांची नऊ वर्षांची मुलगी. तिला वडील 'चेकरबाई' म्हणत, कारण बसमध्ये तिकिटे तपासायला चेकर चढावा तशी ती घरात सगळे तपासत हिंडायची. गॅस बंद आहे का, नळ गळतो का, आत्याने गोळी घेतली का, बाबांनी मोजे धुवायला टाकले का.

आत्याने माझ्याकडे पाहिले, मग भावाकडे पाहिले. "एकशेवीसच्या पुढे आकडे नाहीत यावर," ती म्हणाली. "पुरतील ना?"

सगळे हसले. पण त्या हसण्याखाली काळजी होती, आणि ती मला त्याच संध्याकाळी समजली. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात डेपोतल्या सगळ्या चालकांची तपासणी होत असे. नुकत्याच झालेल्या तपासणीत बाबांचे वजन अठ्ठ्याण्णव किलो भरले होते आणि रक्तदाबही वाढलेला निघाला होता. डेपोच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते, की पुढच्या तपासणीला नव्वदच्या आत या. नाही आलात, तर स्टिअरिंगवरून उतरवून चौकशीच्या खिडकीत बसवावे लागेल. चाळीस माणसे मागे बसलेली असताना चालकाला चक्कर येऊन चालत नाही.

"खिडकीत मी?" बाबा म्हणाले. "मला कोंडून मारा त्यापेक्षा. एकवीस वर्षं मी रस्ता बघितलाय."

चेकरबाई रोज बाबांच्याच बसने, चालकाच्या मागच्या पहिल्या सीटवर बसून शाळेत जायची. तिने आतून एक वही आणली, पहिल्या पानावर '९८' लिहिले आणि म्हणाली, "बाबा, अजून पूर्ण वर्ष आहे. आठच किलो उतरवायचेत. मी रोज उठवीन तुम्हाला."

असे सुरू झाले. सकाळी साडेपाचला ती वडिलांच्या दारावर टकटक करी. मग दोघे मैदानाला चार फेऱ्या मारून येत. डेपोत चहाबरोबर बिस्किटे खायची नाहीत, रात्रीचे जेवण आठाच्या आत, तळलेले फक्त महिन्यातून एकदा, असे नियम झाले. दर रविवारी सकाळी सात वाजता माझ्यावरचा जुना टॉवेल बाजूला सारला जाई. मी मोरीबाहेर ठेवलेला असे, म्हणून गंज चढू नये यासाठी तो टॉवेल होता. बाबा वर चढत, चेकरबाई पोटावर झोपून तबकडी वाचत असे आणि आत्या स्वयंपाकघरातून ओरडे, "काय गं, उतरलं का विमान?"

पहिल्या रविवारी सत्त्याण्णव. मग शहाण्णव. सातव्या रविवारी पंच्याण्णव. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. बाबांचे पाऊल हलके पडू लागले होते. आकडा मीच सांगत होतो, पण तो मैदानावर तयार होऊन येत होता. माझ्या दवाखान्यातल्या चौदा वर्षांत मी इतका आनंद कोणाला दिला नव्हता.

मग तबकडी थांबली. आठव्या रविवारी पंच्याण्णव. नवव्या रविवारी पंच्याण्णव. दहाव्यालाही तेच. माणसाच्या शरीराचे असे होते. सुरुवातीला ते लगबगीने ऐकते, मग काही आठवडे हटून बसते आणि मग पुन्हा हलते. दवाखान्यात मी हे शेकडो वेळा पाहिले होते. मला बोलता आले असते तर मी म्हणालो असतो, "चार आठवडे नुसते चालत राहा, माझ्याकडे बघू नका."

पण बाबा माझ्याकडे बघत राहिले. "पाय तुटेस्तोवर चालतोय," ते खाली उतरताना म्हणाले, "आणि हा तसूभर हलायला तयार नाही. जाऊ दे. नसेल आपल्या नशिबात."

आईने ते ऐकले. त्या आठवड्यात एका दुपारी ती घरात एकटी असताना माझ्याजवळ बसली. तिने टॉवेल उचलला, बोटाने चाक चाचपले आणि दोन किलो मागे फिरवले. काचा बसवणारी तिची बोटे फार हलकी होती. पण मला ती सुरीसारखी लागली.

"फक्त एकदाच," ती माझ्याशीच बोलल्यासारखे पुटपुटली. "त्यांचा धीर सुटायला नको."

पुढच्या रविवारी बाबांचे वजन खरे तर पंच्याण्णवच होते. मी त्र्याण्णव दाखवले. चेकरबाई इतकी उंच उडाली, की आत्याच्या हातातला डाव खाली पडला. बाबांनी मुलीला उचलून गोल फिरवले. सगळे घर हसत होते आणि त्या हसण्याच्या मध्यभागी मी खोटे बोलत उभा होतो. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

आईला वाटले, की आता त्यांना हुरूप येईल आणि ते जास्त चालतील. झाले उलटेच. सोमवारी सकाळी टकटक झाली तेव्हा बाबा पांघरुणातून म्हणाले, "चेकरबाई, एका आठवड्यात दोन किलो गेलेत. एक दिवस सुट्टी मिळेल ना?" मंगळवारी पाऊस होता. बुधवारी पाऊस नव्हता, पण सवय लागली होती. कष्ट न करता बक्षीस मिळाले, की माणूस पुढच्या वेळी कष्टांना विसरतो. डेपोतली बिस्किटे परत सुरू झाली, ते मला त्यांच्या खिशातल्या चुऱ्यावरून कळले. शर्ट काढून माझ्यावर चढताना तो चुरा माझ्याच पाठीवर सांडे.

दीड महिन्याने ते खरे शहाण्णव झाले. आईच्या चाकामुळे मी चौऱ्याण्णव दाखवले.

"बाबा, वाढलं," चेकरबाई म्हणाली. नुसते एवढेच. पण तिचा चेहरा असा उतरला, की बाबांना तो पाहवला नाही. पुढच्या शनिवारी आंघोळीला जाताना त्यांनी जवळपास कोणी नाही असे पाहिले, माझ्यापाशी वाकले आणि चाक शोधून तेही दोन किलो मागे फिरवले.

"तिच्यासाठी," ते म्हणाले. "सोमवारपासून चालायला लागतो. मग सरळ करून टाकीन."

मित्रांनो, 'सोमवारपासून' हा शब्द मी त्या वर्षात जितक्या वेळा ऐकला, तितक्या वेळा सोमवार आले नाहीत.

आता तिसरी गंमत ऐका. गंमत म्हणतो, पण मला हसू आले नव्हते. आत्याला भावाचा संशय आला. तो पांघरुणात लोळतो, जिना चढताना मध्येच थांबून फोनवर बोलल्याचे सोंग करतो, तरी वजन मात्र कमी होते, हे काय गौडबंगाल आहे? तिला चाकात काही गडबड झाल्याचे ठाऊक नव्हते. तिला एवढेच वाटले, की याला एकदा चांगला घाबरवायला हवा. शाळेतल्या उनाड मुलांना तिने असेच सरळ केले होते. तिने चाक उलट्या बाजूला तीन किलो फिरवले.

त्या रविवारी बाबा मोठ्या ऐटीत चढले आणि चेकरबाई किंचाळली, "बाबा! पंच्याण्णव! गेल्या रविवारी ब्याण्णव होतं. एका आठवड्यात तीन वाढले!"

"काय?" बाबा वाकून बघू लागले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी तर चाक मागे फिरवले होते. मग पुढे कोणी फिरवले? पण विचारायचे कोणाला? विचारले तर आपलीच चोरी उघडी पडणार.

"काट्यात बिघाड असेल," ते म्हणाले.

"अगदी बरोबर," आत्या म्हणाली. "वजन वाढलं की काटा बिघडतो. कमी झालं की एकदम उत्तम चालतो. बस पण अशीच चालवतोस का रे? सिग्नल लाल असला की सिग्नल बिघडला?"

"ताई, तू गप्प बस."

"मी गप्पच आहे. तुझा पट्टा बोलतोय. शेवटच्या भोकात कण्हतोय बिचारा."

आई मात्र मान खाली घालून भाजी चिरत राहिली. तिला वाटत होते, की हे सगळे आपल्या दोन किलोंमुळेच कुठेतरी बिनसले. तिघेही एकमेकांच्या नजरा चुकवत होते. तिघांनाही वाटत होते, की चाकाचे गुपित फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. आणि खाली पोटावर झोपून चेकरबाई पेन्सिलीने तो आकडा जसाच्या तसा वहीत उतरवत होती. त्या घरात खरे लिहिणारा तो एकच हात होता, आणि मी त्याला एकही खरा आकडा देऊ शकत नव्हतो. मला सर्वांत जास्त लाज वाटली ती तिची.

घाबरून बाबा चार दिवस चाललेही. पाचव्या दिवशी त्यांनी चाक एकदम पाच किलो मागे नेले. आत्याने हात टेकले आणि पुन्हा चाकाला बोट लावले नाही. मग बाबांना त्याची सवय होऊन बसली. कधी एक, पुढे आणखी एक. वर्षाच्या शेवटी मी पूर्ण आठ किलोंनी खोटा झालो होतो. तबकडी गोल असते ना, त्यामुळे माझ्यावर कोणीच उभे नसताना लाल रेघ शून्याच्या आठ घरे मागे, म्हणजे एकशेबारावर असे. रिकामा मी, आणि वजन एकशेबारा! पण रिकाम्या काट्याकडे कोण बघतो? टॉवेल सरकायच्या आत बाबांचे पाऊल पडे आणि ते उतरले की पहिले काम टॉवेल परत पसरायचे.

तपासणीच्या आदल्या रविवारी मी एकोणनव्वद दाखवले.

"नव्वदच्या आत!" चेकरबाईने त्या आकड्याभोवती तीन गोल काढले. "बाबा, झालं! आपण केलं!"

बाबा तिच्याकडे बघून हसले. मला वाटते, तोपर्यंत त्यांचाही त्या आकड्यावर थोडा विश्वास बसला होता. खोटे रोज बघितले, की डोळ्यांना ते खरे दिसू लागते.

तपासणीच्या दिवशी ते दुपारीच घरी आले. एरवी ते दारातूनच हाक मारत. त्या दिवशी नुसती चप्पल काढल्याचा आवाज आला. चेकरबाई धावत पुढे गेली.

"किती?"

"सत्त्याण्णव," बाबा म्हणाले. "रक्तदाबही वर. उद्यापासून खिडकी. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. तेव्हाही नव्वदच्या आत नसलो, तर कायमची."

चेकरबाईने वही उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. "पण इथे तर एकोणनव्वद आहे," ती म्हणाली. "बाबा, मी नीट वाचलं होतं. मी चुकले नव्हते."

मला वाटले, की आता हे बोलतील. आता खरे सांगतील. बाबांनी मुलीकडे पाहिले. त्यांचे ओठ हललेही. आणि ते म्हणाले, "तुझं नाही गं चुकलं. हा काटाच खोटारडा निघाला. यानेच घात केला आपला."

आई तिथेच उभी होती. तिने होकाराची मान हलवली. आत्या तिथेच बसली होती. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारी आत्या त्या दिवशी खिडकीबाहेर बघत राहिली.

मित्रांनो, मला फेकले याचे मला दुःख नाही. वस्तू जुन्या होतात, त्यांना फेकतात. पण तीन जणांनी मला खोटे बोलायला लावले आणि तिघांसमोर माझ्यावर खोटेपणाचा आळ आला, तेव्हा एकानेही तोंड उघडले नाही. याहून मोठा विश्वासघात मला ठाऊक नाही. बाबांनी मला उचलून दाराबाहेर, जिन्याच्या वळणावरच्या खिडकीखाली, रद्दीच्या गठ्ठ्याशेजारी ठेवले. टॉवेल आतच राहिला.

थोड्या वेळाने चेकरबाई बाहेर आली. ती माझ्यासमोर पायरीवर बसली आणि रडून लाल झालेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत म्हणाली, "मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता."

काय सांगू? तिचेच वाक्य मला त्या घराला सांगायचे होते.

पण तपासायची सवय सुटते थोडीच. ती रडता रडता थांबली. तिने मान तिरकी केली. जिन्यात उजेड भरपूर होता आणि आता माझ्यावर टॉवेल नव्हता. पहिल्यांदाच कोणीतरी माझी रिकामी तबकडी बघत होते.

"एकशेबारा?" ती म्हणाली. "कोणी उभंच नाहीये तर एकशेबारा कसे?"

तिने मला उचलून हलवले, परत ठेवले. एकशेबारा. आत जाऊन ती पिठाच्या दोन न फोडलेल्या पिशव्या घेऊन आली, पाच पाच किलोंच्या. दोन्ही माझ्यावर ठेवल्या. मी दोन दाखवले. तिने बोटांवर हिशेब केला. मग ती जमिनीवर आडवी झाली, माझ्या कडेखाली हात घातला आणि तिच्या बोटाला ते दातेरी चाक लागले. ते थोडे फिरवताच तबकडी हलली. चेकरबाई कितीतरी वेळ तशीच पडून राहिली. चाक आपोआप फिरत नाही, हे समजायला नऊ-दहा वर्षे पुरेशी असतात.

मला छातीशी धरून ती घरात गेली आणि जेवणाच्या टेबलावर, ताटांच्या मधोमध, मला ठेवले.

"हे चाक कोणी फिरवलं?" तिने विचारले.

"मी," आई म्हणाली.

"मी," आत्या म्हणाली.

"मी," बाबा म्हणाले.

तिघांचे शब्द एकाच वेळी निघाले. मग तिघे एकमेकांकडे बघू लागले.

"तू?" बाबा आईला म्हणाले.

"दोनच किलो. तुम्ही खचला होतात म्हणून. पण अहो, तुम्ही पण?"

"आणि ताई, तू कशाला हात लावलास?"

"मी वाढवलं होतं, कमी नव्हतं केलं!" आत्या म्हणाली. "मला काय माहीत, इथे अख्खं घर रांग लावून बसलंय!"

बाबांना हसू फुटले. आईलाही फुटले. आत्या पदराने डोळे पुसत हसू लागली. संकटातही माणसे अशी हसतात, ते वाईट नसते. पण चेकरबाई हसली नाही. ती तिघे हसून संपेपर्यंत उभी राहिली.

"मी वर्षभर खोटं लिहीत होते," ती म्हणाली. "आणि तुम्हाला तिघांनाही माहीत होतं."

हसू जिथल्या तिथे विझले.

"अगं, तुझ्यासाठीच..." बाबांनी सुरुवात केली.

"माझ्यासाठी नव्हतं," ती म्हणाली. "माझ्यासाठी असतं तर तुम्ही चालला असतात."

तिने चाक फिरवून लाल रेघ शून्यावर आणली, मला उचलले आणि पुन्हा जिन्यात नेऊन या वेळी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. "तुझी चूक नव्हती," ती मला म्हणाली. "पण आता तू इथेच राहा. मला कोणाचंही वजन बघायचं नाहीये."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणीतरी असेल. भिंतीवर खुणा करायचा तक्ता असेल, पावले मोजणारे घड्याळ असेल, नाहीतर रोज एक ओळ लिहायची वही असेल. त्यांना खोटे बोलायला लावू नका. तुमचा आकडा एखाद्या आठवड्यात हलला नाही, तर त्याला तसेच राहू द्या. तुम्ही दमला असाल तर म्हणा, की मी दमलो. एक दिवस चुकला तर ते पान कोरे सोडा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठा. कोऱ्या पानाची लाज वाटून घेऊ नका, ते निदान खरे असते. आणि जो माणूस तुम्हाला रोज हाक मारून उठवतो, त्याला कधी फसवू नका. त्याचीही झोप मोडलेली असते.

त्या घराला मी अजून माफ केलेले नाही. तुमच्याशी खोटे कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला घराचे दार उघडले. चेकरबाई बाहेर आली. अंगात स्वेटर, पायात बूट, केस स्वतःच कसेबसे बांधलेले. वर्षभरात पहिल्यांदाच मला तिची टकटक ऐकू आली नव्हती. तिने वडिलांना उठवलेच नव्हते. ती एकटीच जिना उतरून गेली आणि वळणावरच्या खिडकीतून मला ती खाली रस्त्यावर निघालेली दिसली.

ती कोपऱ्यापर्यंत पोचली असेल नसेल, तेवढ्यात वर दार धाडकन उघडले. उलटसुलट बटणे लावलेला शर्ट, एका हातात मोजा, असे बाबा धावत वळणापर्यंत आले आणि माझ्यावरून वाकून त्यांनी खिडकीतून डोके बाहेर काढले. त्यांना धाप लागली होती.

"चेकरबाई!" ते ओरडले. "थांब! मी येतोय!"

तिने वळून वर पाहिले. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही, हातही हलवला नाही. बाबा धडधडत जिना उतरू लागले. चेकरबाईच्या बुटाच्या नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या, मला वरून स्पष्ट दिसत होते. तरी ती तिथेच दिव्याच्या खांबापाशी खाली बसली, एक नाडी तिने सोडली, आणि सावकाश, अगदी सावकाश, ती पुन्हा बांधू लागली.